शर्यतीतले दहा मीटर

कॉटन ग्रीन स्थानकाबाहेर, जुन्या गोदामांच्या रस्त्याने, पहाटे तरुण मुलेमुली धावताना दिसतात. एकजण घड्याळ धरून उभा असतो, बाकीचे धापा टाकीत येतात. ही हौस नव्हे. पोलीस भरतीची तयारी आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. पुढे लेखी परीक्षेत अंकगणित येते आणि मैदान मारलेली कितीतरी मुले तेथे अडखळतात. १९८२ च्या संपापूर्वी या भागातील तरुणाला बदली कामगार म्हणून गिरणीत शिरता येई. तो दरवाजा बंद झाल्यापासून भरतीतल्या एकेका गुणाला भाकरीचे मोल आले आहे.

नेहमीचे उदाहरण घ्या. १०० मीटरच्या शर्यतीत अ हा ब ला १० मीटरने हरवतो. ब हा क ला तितक्याच अंतराने. मग अ हा क ला कितीने हरवील? घाईचे उत्तर येते : २०. ते चूक आहे. अ १०० मीटर जातो तेव्हा ब ९० वर असतो. ब च्या १०० मीटरांमागे क चे ९०, म्हणून ब च्या ९० मागे क चे ८१. फरक १९ मीटरांचा. वेळ समान असेल तर अंतरे वेगांच्या प्रमाणात असतात, एवढेच येथे ध्यानी घ्यायचे.

आता बरोबरी व्हावी म्हणून अ ला रेषेच्या १० मीटर मागून सोडले तर? तो ११० मीटर धावेपर्यंत ब ९९ वर पोहोचतो; अ पुन्हा जिंकतोच. उलट ब ला १० मीटर पुढे उभे केले, तर दोघे एकाच क्षणी पोहोचतात. सवलत किती, एवढेच पुरेसे नाही. ती कोठे दिली हेही पाहावे लागते. आपल्या कार्यकर्त्यांनी तर हे विसरूच नये.

वेळ आणि अंतर यांचा सांधा वेगच जुळवतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला. सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले. त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६.१ मीटर; म्हणजे हुकलेले अंतर जेमतेम एक फूट!

खाजगी शिकवणीवर्ग या मुलांना क्लृप्त्या विकतात. प्रश्नाची भाषा थोडी बदलली की क्लृप्ती निकामी होते. वस्तुतः हे गणित त्यांच्या पायांना ठाऊक आहे. ते कागदावर उतरवायला कोणी बसवत नाही, इतकेच. आमची सूचना साधी आहे. शाखांनी रविवारी सकाळी १०० मीटर आखून द्यावेत, प्रत्येकाची वेळ नोंदवावी आणि त्याच आकड्यांवर तेथेच उदाहरणे सोडवून घ्यावीत. त्यासाठी खडू, दोरी आणि एक घड्याळ पुरते. फी घेऊ नये.