पत्रा थोडा वर उचला

शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येण्याजोगी असावी, अशी अट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. विदर्भात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळा सकाळची होते. दुपारी वर्गात बसवत नाही, हे त्या वेळापत्रकानंच कबूल केलेलं असतं. मग ही अट पाळली गेली असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

खेडोपाडीचे कितीतरी वर्ग उघड्या स्लॅबखाली किंवा थेट पत्र्याखाली भरतात. पत्रा तापला की धग सरळ मुलांच्या डोक्यावर उतरते. पंखा असला, वीज असली, तरी तो तीच गरम हवा फिरवत राहतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांदो नावाच्या खेड्यात, याच पत्र्यानं उन्हाळा सुसह्य केला आहे. फ्रान्सिस केरे हा त्या गावच्या प्रमुखाचा मुलगा. गावात शाळा नव्हती, म्हणून त्याला लहानपणीच घर सोडावं लागलं. शिकायला मिळालं ते अंधाऱ्या, कोंदट वर्गांत. पुढे बर्लिनमध्ये वास्तुकला शिकत असतानाच त्यानं देणग्या जमवल्या आणि २००१ मध्ये गांदोची प्राथमिक शाळा उभी राहिली. मातीची शाळा म्हटल्यावर गावकरी आधी बिचकले. पावसात मातीच्या भिंती कशा ढासळतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. केरेनं मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबाच्या विटा पाडल्या आणि मग गावच कामाला लागलं. मुलांनी पायासाठी दगड आणले, बायकांनी पाणी वाहिलं, जमीन चोपली.

खरी करामत छपरात आहे. वर्गावर विटांचं छत, त्यात हवेसाठी फटी. त्याच्या बरंच वर, सळ्या कापून गावातच जोडलेल्या कैच्यांवर पत्रा. तो भिंतींच्या बाहेर लांबवर आलेला, त्यामुळे भिंतींना सावली मिळते आणि पावसाचा मारा बसत नाही. पत्रा तापतोच; पण त्याखालची हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, वर्गातली गरम हवा फटींतून वर चढते आणि खिडक्यांतून ताजी हवा आत येते. या शाळेला २००४ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारा पहिला आफ्रिकी वास्तुकार ठरला.

पुण्याजवळ लवळ्याच्या अवसरा अकादमी या शाळेतही एसीला फाटा दिला आहे. जमिनीखालच्या नळ्यांतून गार झालेली हवा वर्गांत येते आणि सौर धुरांडी गरम हवा ओढून बाहेर टाकतात. जिल्हा परिषदेला एवढं परवडणार नाही, हे मान्य. गांदोची युक्ती मात्र परवडते, आणि ती आपल्याला अनोळखीही नाही. गळक्या स्लॅबवर पत्र्याची शेड मारली की खालच्या खोल्या गार राहतात, हा महाराष्ट्रात घरोघरीचा अनुभव आहे. जुन्या कौलारू शाळांची उंच छपरं आणि रुंद पडव्या हेच काम करत. त्या शाळा पाडून कोकणच्या धुवांधार पावसात आणि चंद्रपूरच्या उन्हात एकाच टाईप प्लॅनच्या इमारती बांधणं हा शुद्ध अपव्यय आहे.

हे थांबवण्याचा रस्ता कायद्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार या समितीला आहे. नव्या वर्गखोलीचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी नकाशा या समितीपुढे ठेवणं सक्तीचं व्हायला हवं. कोणत्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट फळ्यावर पडतं, पहिलीच्या मुलाचा हात कोणत्या नळाला पोचत नाही, मुली कोणत्या स्वच्छतागृहात जायला टाळतात आणि का, हे अभियंत्याला तिथेच कळेल, आणि तेही पाया खणण्याआधी.