शब्दांच्या गावात : 'क्राय' – कुणाचं रडू, कुणाची आरोळी



आज सुरुवातीलाच एक वाक्य देतो. मनातल्या मनात त्याचं मराठी करा बघू. 'द बॉय क्राइड वुल्फ.' झालं?

'मुलगा लांडग्यासाठी रडला' असं कुणी केलं असेल तर लाजायचं कारण नाही. क्राय म्हणजे रडणे, असंच आपण पहिल्यापासून घोकत आलो. पण इसापाच्या गोष्टीतला तो मेंढपाळाचा पोरगा मुळी रडलाच नव्हता. तो टेकडीवर उभा राहून मजेत ओरडत होता, 'लांडगा आला रे आला!' आणि गावकरी काठ्या घेऊन धावत आले की पोट धरून हसत होता. पुढे काय झालं ते तुम्हांला ठाऊकच आहे. इंग्रजीत त्यावरून 'टु क्राय वुल्फ' हा वाक्प्रचार झाला. आपण त्याला म्हणतो, खोटी आवई उठवणे.

म्हणजे 'क्राय'चा अर्थ ओरडणे असाही होतो तर! 'असाही' नव्हे, बरं का. ओरडणं हेच त्याचं मूळ काम. रडण्याचं काम त्याच्याकडे नंतर आलं.

हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्यामागून फ्रेंच शब्दांची वरातच इंग्रजीत शिरली. त्या वरातीतलाच हा एक पाहुणा. फ्रेंचमध्ये आजही 'क्रिए' म्हणजे ओरडणे. रडण्याला तिथे वेगळाच शब्द आहे. इटालियन 'ग्रिदारे', स्पॅनिश आणि पोर्तुगीज 'ग्रितार' ही याचीच भावंडं, आणि ती सगळी ओरडतात, रडत नाहीत. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज शाळा होत्या. तिकडे तुमच्या ओळखीचे कुणी आजोबा-आजी त्या शाळेत शिकलेले असतील तर 'ग्रितार' म्हणजे काय, विचारून पाहा.

आणखी मागे गेलं की लॅटिन भाषा लागते. तिथे 'क्विरितारे' असं क्रियापद होतं. रोमच्या नागरिकांना 'क्विरितेस' म्हणत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हारो नावाचा एक मोठा रोमन पंडित होऊन गेला. तो म्हणतो, संकटात सापडलेला माणूस क्विरितेसना, म्हणजे नागरिकांना, मदतीसाठी हाक मारतो, ते 'क्विरितारे'. आपल्याकडे 'धावा हो धावा' म्हणतात ना, तसंच. देवाचा 'धावा' करतात तोही याच जातीचा. काही भाषापंडितांना मात्र व्हारोचं म्हणणं पटत नाही. त्यांच्या मते हा शब्द डुकराच्या किंचाळण्याच्या आवाजावरून आला! मला स्वतःला व्हारोची बाजू आवडते. पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही खरं.

मग ओरडण्याचं रडणं कसं झालं? घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्याकडे पाहा. ते रडतं की हाक मारतं? दोन्ही एकदमच. मोठ्यानं ओरडण्यापासून मोठ्यानं रडण्यापर्यंत शब्द असाच सरकला असणार. नुसत्या आसवं गाळण्याला इंग्रजीत 'वीप' हा जुना शब्द होताच आणि अजून आहे. स्कॉटलंडमध्ये तर आणखी गंमत. तिथल्या बोलीत रडण्याला 'ग्रीट' म्हणतात. तिथल्या घरात 'बाळ ग्रीट करतंय' असं ऐकलंत तर ते नमस्कार करत नसतं, भोकाड पसरून बसलेलं असतं! आणि तिथे 'क्राय' म्हणजे नावानं हाक मारणं. 'व्हॉट डू दे क्राय यू?' असं कुणी विचारलं तर 'छे, मी कुठे रडतोय?' असं म्हणू नका. त्यानं फक्त तुमचं नाव विचारलंय.

आता या शब्दाची सर्वांत मोठी कामगिरी सांगतो. 'ह्यू अँड क्राय' हा शब्दप्रयोग तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. यातला 'ह्यू' म्हणजे रंगाची छटा नव्हे. तो निराळा. हा 'ह्यू'ही जुन्या फ्रेंचमधला, आणि त्याचाही अर्थ आरोळीच. मराठीत या जोडीला अगदी चपखल शब्द आहे : हाकाटी.

इंग्लंडमध्ये ही हाकाटी म्हणजे चक्क कायदा होता. त्या काळी आजच्यासारखे पोलीस नव्हतेच. लंडनचं पोलीसदल उभं राहिलं ते १८२९ साली. त्याआधी चोरी झाली तर करायचं काय? ज्याला लुटलं त्यानं मोठ्यानं ओरडायचं. ती आरोळी ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकून चोरामागे धावायचं आणि स्वतःही ओरडायचं. मग पुढच्या गावानं ती आरोळी उचलायची, मग त्याच्या पुढच्या. राजा पहिला एडवर्ड यानं १२८५ साली विंचेस्टरच्या कायद्यात हे पक्कं करून टाकलं. चोर सापडला नाही तर? त्या टापूतल्या सगळ्यांनी मिळून लुटलेल्या माणसाची भरपाई करायची! 'मला काय त्याचं' म्हणून कानात बोळे घालून घरात बसायची सोयच नव्हती. आणि कुणी उगाच खोटी हाकाटी केली तर त्यालाही दंड होई. आपला तो मेंढपाळाचा पोरगा इंग्लंडात असता तर लांडग्याच्या आधी दंडाच्याच तावडीत सापडला असता. हाकाटीचा हा कायदा १८२७ साली रद्द झाला. शब्द मात्र राहिला. आता 'ह्यू अँड क्राय' म्हणजे एखाद्या गोष्टीविरुद्ध उठलेली ओरड, बोभाटा.

ओरडण्याची नोकरीसुद्धा असे! 'टाउन क्रायर' म्हणजे गावचा रडका माणूस नव्हे हं. तो आपला दवंडीवाला. लोकांना वाचता येत नव्हतं, वर्तमानपत्रं नव्हती, तेव्हा हा घंटा वाजवत चौकात येई आणि 'ओये! ओये! ओये!' अशी आरोळी ठोकून बातमी सांगे. या 'ओये'चा अर्थ माहीत आहे? जुन्या फ्रेंचमध्ये 'ऐका'! आपला दवंडीवाला ढोलकं बडवत काय म्हणायचा? 'ऐका हो ऐका!' एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांनी एकच वाक्य शोधून काढलं की नाही? चेस्टर या इंग्लिश शहरात आजही उन्हाळ्यात भर चौकात दवंडीवाला उभा राहतो. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं काम सुरू होताना अजूनही तीनदा 'ओये' पुकारतात.

आवाजानं अंतरही मोजतात. आपण म्हणतो, 'शाळा हाकेच्या अंतरावर आहे.' इंग्रजीतला 'अ फार क्राय' याच्या बरोबर उलट. हाक पोचणार नाही इतकं लांब. पुढे त्याचा अर्थ 'जमीनअस्मानाचा फरक' असा झाला.

'वॉर क्राय' म्हणजे रणगर्जना, 'हर हर महादेव'सारखी. जाता जाता एक सांगून टाकतो. भिंतीभिंतींवर दिसणारा 'स्लोगन' हा शब्दही मूळचा असाच. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला, आणि अर्थ 'सैन्याची आरोळी'. आता साबणाच्या जाहिरातीतही स्लोगन असतं. सैनिकांना कळलं तर काय म्हणतील कोण जाणे!

मग वाक्यात आलेला 'क्राय' रडतोय की ओरडतोय, हे ओळखायचं कसं? त्याचे शेजारी पाहायचे. मागे 'ओव्हर' असेल तर बहुधा रडणं. सांडलेल्या दुधावरचं रडणं ते हेच. 'आउट' असेल तर ओरडणं. 'क्राय ऑफ' म्हणजे कबूल केलेलं ऐनवेळी नाकारणं. तिथे रडणं नाही आणि ओरडणंही नाही. 'क्राइंग नीड' म्हणजे निकडीची गरज, जणू गरजच ओरडून सांगतेय.

'फॉर' आलं की मात्र जरा थांबायचं. बाळ दुधासाठी रडतं ते 'क्राय फॉर मिल्क', आणि बुडणारा माणूस ओरडतो ते 'क्राय फॉर हेल्प'. दुसऱ्याचं भाषांतर 'मदतीसाठी रडणे' केलंत तर गुण जातीलच, पण त्याहून मोठं काही हातचं निसटेल. कारण 'अ क्राय फॉर हेल्प' हे शब्द आता आवाज नसलेल्या हाकेलाही वापरतात. एरवी बडबड करणारा मित्र डबा न उघडता कोपऱ्यात बसू लागतो, शाळेत यायचं टाळतो, उगाच चिडतो. तो रडत नाही आणि ओरडतही नाही. तरी ती हाकच असू शकते. आईबाबांनीही हे लक्षात घ्यावं, म्हणून मुद्दाम लिहितोय. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फुकट फोन नंबर आहे. दिवसा, रात्री केव्हाही चालतो. मुलं स्वतःसुद्धा तो फिरवू शकतात.

याच शब्दाचं नाव घेतलेली एक संस्था आपल्या मुंबईतली आहे. आईबाबांनी तिची शुभेच्छापत्रं एकेकाळी नक्की विकत घेतली असतील. विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या रिप्पन कपूर या तरुणानं १९७९ साली सहा मित्रांबरोबर, पन्नास रुपयांच्या भांडवलावर ती सुरू केली. नाव 'क्राय', म्हणजे 'चाइल्ड रिलीफ अँड यू' यातली आद्याक्षरं. २००६ मध्ये संस्थेनं मधला एक शब्द बदलला. 'रिलीफ' म्हणजे मदत, त्याच्या जागी 'राइट्स' म्हणजे हक्क आलं. आद्याक्षरं तीच राहिली, पण नाव वाचताना आधी मला रडणारं मूल दिसायचं, आता पुढे येऊन हाक मारणारं दिसतं.

आता वही काढा. या तीन वाक्यांचं मराठी करा आणि घरात कुणाला तरी दाखवा. 'द हॉकर क्राइड, फ्रेश फिश!' 'शी क्राइड ऑफ अॅट द लास्ट मिनिट.' आणि तिसरं, 'द पीकॉक्स क्राय वोक द बेबी, अँड द बेबी क्राइड.' मोराच्या आवाजाला मराठीत एक सुंदर शब्द आहे, तो आठवतोय का पाहा. दोन्हीकडे एकच शब्द घातलात तर बाळाबरोबर मोरालाही रडायला बसावं लागेल!