सातबारा नसलेल्यांचे राजीनामे

'लाखांचं पॅकेज सोडून मातीत रमला' अशा मथळ्याची बातमी हल्ली अधूनमधून येतच असते. सोबत फोटो. ड्रॅगन फ्रूटच्या खांबाला टेकलेला तरुण, डोक्यावर घडीची कोरी टोपी. बातमीत धाडस असतं, आईवडिलांचा सुरुवातीचा विरोध असतो, पहिल्या वर्षीचा तोटा आणि तिसऱ्या वर्षीची उलाढाल असते. जमीन कुणाची, हे मात्र जाता जाता उरकलेलं असतं: 'वडिलोपार्जित पाच एकर.' खरी बातमी त्या तीन शब्दांत असते.

कारण महाराष्ट्रात ज्याच्या नावावर शेती नाही, त्याला ती सहजासहजी विकतही घेता येत नाही. १९४८च्या कुळवहिवाट कायद्याचं ६३वं कलम आडवं येतं. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. कसणाऱ्याच्या हातची जमीन पैसेवाल्यांनी गिळू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो आजही रास्त आहे. पण चाळीत वाढलेल्या, गिरणी कामगाराच्या मुलाने हिंजवडीला कंटाळून मातीत रमायचं म्हटलं, तर त्याला आधी तलाठ्याकडचा एक कागद लागतो आणि तो त्याच्या आजोबांकडेही नव्हता. हिंजवडी-माणच्या ज्या शेतांवर एमआयडीसीने आयटी पार्क उभं केलं, त्याच शेतांवरच्या काचेच्या इमारतींत बसून माणसं जेवणाच्या सुट्टीत मुळशीकडचे एनए प्लॉट बघत असतात. असो.

आयटीतला कंटाळा कष्टाचा असता तर पगाराने भागला असता. तो असतो टोक न दिसण्याचा. कुठल्याशा दूरच्या देशातल्या विमा कंपनीच्या दाव्याचा अर्ज, त्यातला एक रकाना, त्या रकान्यातली चूक, तिचं तिकीट. ते बंद केलं की दुसरं. तो दावा कुणाचा होता, त्याचं घर जळलं होतं की पाय मोडला होता, हे कधीच कळत नाही. वर्षाअखेरीस अप्रेझल आणि बेल कर्व्ह; त्यात कुणाला तरी खालच्या टोकाला बसवावंच लागतं, म्हणून यंदा तू.

अशा माणसाला 'धाडस कर' म्हणणारे मधला जमाखर्च सांगत नाहीत. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, म्हणून साडेचार वर्षं झालेला दात-ओठ खात थांबतो. निवृत्तिवेतन योजनेला दहा वर्षांची सेवा लागते. गृहकर्जाचा हप्ता तर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येतो. आणि राजीनामा टाकलाच तर पुढे नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड. करारात तो दोन्ही बाजूंना सारखाच लिहिलेला असतो. पण कंपनीला तुम्ही नकोसे झालात, तर ती पैसे देऊन त्याच संध्याकाळी गळ्यातलं कार्ड काढून घेते. तुम्ही पैसे भरून लवकर सुटू म्हटलंत, तर 'मॅनेजमेंट ठरवेल'. रिलीव्हिंग लेटरशिवाय पुढची आयटी कंपनी दारात उभं करत नाही, त्यामुळे बहुतेक जण मुकाट्याने नव्वद दिवस भरतात. हा अवधी तीस दिवसांवर आणा, एवढी एक मागणी जरी सगळ्यांनी मिळून लावून धरली, तर धाडसाच्या शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त माणसं सुटतील.

आमच्या ओळखीतली एक मुलगी अशीच सुटली. तिच्यावर बातमी होणार नाही, कारण तिने ना स्ट्रॉबेरी लावली, ना कोकणात होमस्टे काढला. नऊ वर्षं त्या विम्याच्या रकान्यांत काढून ती सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात संगणकाच्या कामावर गेली. पगार तिसऱ्या हिश्श्यावर आला. फ्लॅटचे हप्ते फिटेपर्यंत ती दोन वर्षं थांबली होती आणि नवऱ्याची शिक्षकाची नोकरी तिकडेच होती. ही दोन कारणं ती स्वतःच आधी सांगते. नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे तिने पदरचे भरले. गाळप हंगाम तोंडावर आलेला, कारखाना नव्वद दिवस थांबणार नव्हता. पहिल्याच लग्नसराईत तिला सात-आठ जणांनी आवाज खाली आणून विचारलं, ''काय गं, काढलं का?'' स्वतःहून लहान नोकरी धरणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे शब्द नाही. मोठी धरणारा हुशार, शेती करणारा धाडसी, आणि मधला तो कमनशिबी!

तिचं काम ऊसनोंदीचं. चिटबॉय गावोगावचा लागणीचा ऊस टिपून आणतात आणि लागणीची तारीख नि जात पाहून तोडणीचा क्रम लागतो. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू, खोडवा. नोंद चुकली की तोड महिना-दोन महिने पुढे जाते, उसाला तुरा येतो, वजन घटतं.

परवा तिच्या टेबलाशी एक म्हातारे आले. त्यांचा जुलैतला आडसाली ऊस कुणीतरी पूर्वहंगामीत घातला होता. तिने तारीख तपासली, खालच्या माणसाला फोन केला, नोंद बदलली. पाच मिनिटांचं काम. म्हातारे मात्र उठेनात. ''झालं काका, या आता,'' ती म्हणाली. ''कागद निघू दे की बाई,'' ते म्हणाले आणि प्रिंटरकडे तोंड करून बसून राहिले.