धक्का कोणाचा?

लंडनच्या ली नदीवर कायमचा धक्का नसलेल्या बोटीने एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक थांबू नये, अशी १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याची अट आहे. मात्र किती अंतर गेले की जागा बदलली, हे कायदा सांगत नाही. खरी भांडणे तिथलीच. घरभाडे परवडेना म्हणून बोटीत संसार थाटलेल्यांना हुसकावणे निर्दयपणाचे, हा आक्षेप खोटा नाही. पण परिस्थितीनुसार वाजवी मुदतवाढ त्याच कलमात आहे. आजारपण, बंद पडलेले इंजिन त्यात बसू शकते. ती न मागता पाणी भरायच्या धक्क्यावर महिनाभर ठाण मांडणारा अडवतो तो आपल्यासारख्याच गरजूला. म्हणून सक्ती आधी अशा गर्दीच्या धक्क्यांवर व्हावी. ओसाड काठावर दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर काय बिघडते?