पाण्याचा दंड कोणी ठरवावा?

बालाघाटाच्या डोंगररांगेखाली वसलेले रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातील गाव इतिहासात दोन लढायांमुळे नोंदले गेले आहे. पहिली लढाई इ. स. १४३७ मध्ये झाली व दुसरी १५९० मध्ये. त्या लढाया बाहेरून आलेल्या फौजांच्या होत्या. आज घाटाखालच्या गावांत जी चुरस चालते ती शेजाऱ्याशेजाऱ्यांत चालते, आणि तीही जमिनीखाली. एकाने विहीर खोल केली की दुसरा विंधन विहीर घेतो, तिसरा त्याहून खोल जातो, आणि उन्हाळा तोंडावर आला की तिघांच्याही मोटारी बंद पडतात. हे थांबविण्यासाठी दंड असावा की नसावा, आणि असल्यास तो कोणी ठरवावा, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने विचारात घेण्याजोगा आहे.

घाटालगतच्या पट्ट्यातील काळा कातळ पाणी फारसे साठवीत नाही. मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत जेवढे मुरते तेवढेच विहिरीस लागते. अशा खडकाच्या आकारमानाच्या शेकडा एक ते तीन एवढेच पाणी सामान्यतः उपसता येते. शिवाय हे पाणी सात-बाराच्या उताऱ्याप्रमाणे वाटलेले नसते. बांध जमिनीवर असतो, भेगा मात्र बांधाखालून जातात. एका हेक्टरास सहा सेंटिमीटर खोलीची एक पाळी दिली तर सहा लाख लिटर पाणी लागते. गव्हास पाच ते सहा पाळ्या द्याव्या लागतात, हरभऱ्यास दोन पुरतात. म्हणजे एक हेक्टर गव्हाच्या पाण्यात अडीच ते तीन हेक्टर हरभरा निघतो. हे गणित शेतकऱ्यास ठाऊक नसते असे नाही. परंतु त्याने एकट्याने गहू टाकून हरभरा पेरला, तर वाचलेले पाणी त्याच्या विहिरीत राहत नाही. ते शेजाऱ्याच्या मोटारीतून निघून जाते. जो आवर घालतो तोच फसतो, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग करून केला आहे. झुरिच विद्यापीठातील अर्न्स्ट फेर व सायमन गॅख्टर यांचे असे प्रयोग २००० व २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पैशांचे होते. चिंचोक्यांवर समजावून घेणे सोपे जाईल. चौघांना प्रत्येकी वीस चिंचोके द्यावेत. ज्याला जितके वाटतील तितके त्याने मध्ये ठेवलेल्या मडक्यात टाकावेत. मडक्यातील प्रत्येक चिंचोक्यामागे चौघांनाही ०.४ चिंचोका परत मिळतो. कोणीच काही टाकले नाही तर प्रत्येकाजवळ वीसच राहतात. सर्वांनी सर्व टाकले तर प्रत्येकास बत्तीस मिळतात. परंतु तिघांनी सर्व टाकले व चौथ्याने मूठ झाकून धरली, तर त्या तिघांना चोवीस आणि त्या चौथ्याला चव्वेचाळीस! पहिल्या डावात लोक बऱ्यापैकी टाकतात. मूठ झाकणारा लाभात राहतो हे दिसू लागले की इतरांचेही हात आखडतात, आणि डावागणिक मडके रिते होत जाते.

पुढे याच खेळात दंडाची सोय करण्यात आली. स्वतःचा एक चिंचोका खर्च करणाऱ्यास दुसऱ्याचे तीन चिंचोके कमी करता येत असत. दंड करणाऱ्यास त्यातून काही मिळत नसे, आणि ज्यास दंड केला त्याच्याशी पुन्हा गाठही पडणार नसे. तरीही लोकांनी पदरमोड करून मूठ झाकणाऱ्यास दंड केला, व मडक्यातील भरणा वाढत गेला. अन्याय सहन न होणे हा माणसाचा स्वभाव सार्वजनिक हिताचे रक्षण करू शकतो, हे यावरून दिसून आले.

एवढ्यावरून कडक दंड हाच उपाय, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. कोलंबिया देशातील खेड्यांत कार्डेनास, स्ट्रॅनलंड व विलिस यांनी प्रत्यक्ष गावकऱ्यांना घेऊन सामाईक रानातून सरपण आणण्याचा खेळ खेळविला. काही गटांना आपसात बोलण्याची मुभा होती. काहींवर बाहेरून नियम लादला होता, व क्वचित होणाऱ्या तपासणीत सापडल्यास दंड होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बाहेरच्या नियमाखालील लोक आरंभी वचकले, परंतु लवकरच स्वतःपुरते पाहू लागले. बोलणाऱ्या गटांनी रान अधिक चांगले राखले. त्याच वर्षी इस्रायलमधील हैफा शहरातील दहा बालवाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलास नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांवर त्यांतील काही बालवाड्यांनी दंड बसविला, तेव्हा उशीर करणारे जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी शिक्षिकेस तिष्ठत ठेवण्याची लाज वाटे. दंड लागताच ती सोय विकत मिळू लागली. पुढे दंड उठविला तरी गेलेली लाज परत आली नाही.

कोंडवाडा पाहिलेल्या शेतकऱ्यास हे नवे वाटणार नाही. १८७१ च्या कायद्याने दुसऱ्याच्या पिकात शिरलेल्या जनावरावर दंड ठेवला. परंतु ऐपतदार माणसाने तो दंड चाऱ्याची किंमत समजून भरला, की गुरे पुन्हा त्याच शेतात शिरणार हे उघड आहे. पाण्याचेही तसेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास १९९३ च्या अधिनियमाने राज्यात मनाई केली; पुढे २००९ चा व्यापक भूजल अधिनियम आला. कायदा आवश्यकच आहे. परंतु कायद्याचा माणूस गावात वर्षातून एखाद्या वेळी येतो, आणि विंधन विहीर एका रात्रीत होते.

मग दंड कोणत्या रीतीने फळतो? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी, ज्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, वॉकर व गार्डनर यांच्यासह १९९२ मध्ये याचे उत्तर प्रयोगाने दिले. नुसती दंडाची मुभा दिली, बोलणे नाही, तेव्हा दंडापायी होणारा खर्च वजा जाता फारसा लाभ उरला नाही. लोकांना बोलू दिले, व दंड ठेवायचा की नाही आणि किती हे त्यांनीच ठरविले, तेव्हा शक्य त्या लाभापैकी सुमारे नव्वद टक्के लाभ त्यांच्या पदरात पडला. आणि आपण ठरविलेला दंड त्यांना क्वचितच करावा लागला.

महाराष्ट्राच्या मातीत याचे दाखले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा पाया घातला. तेथे पाणी जमिनीवर नव्हे, माणसावर मोजले गेले. माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासही वाटा, उसास मनाई, आणि पाणी सोडणारा पाटकरी गटानेच नेमलेला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी केली, व पावसाच्या मानाने पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. दोन्ही ठिकाणी बंधने कडक होती. पण ती पाळणाऱ्यांनीच घातलेली होती.

मोताळा तालुक्यासही सहकार्य अपरिचित नाही. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातील सिंदखेड गावास राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक विभागून मिळाले. पंचेचाळीस दिवस कुदळ-फावडे घेऊन गाव एकत्र येते, हे तेथे सिद्ध झाले. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाणी अडविण्याचे काम उत्सवासारखे होते. ढोल वाजतो, सर्वांना सर्वांचे श्रम दिसतात, आणि घरी बसणाऱ्यास लाज वाटते. पाणी उपसण्याचे काम मात्र ज्याच्या त्याच्या शेतात, रात्रीच्या विजेवर, कोणाच्या दृष्टीस न पडता चालते. श्रमदानाने भरलेले मडके उपशाच्या नियमावाचून रितेच होणार.

ग्रामसभेच्या हाती दंड दिल्यास बलिष्ठ लोक तो दुर्बळांवरच चालवतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोळा शहरांतील प्रयोगांत असे दिसले की, जेथे कायद्याविषयी व सार्वजनिक वर्तनाविषयी आदर कमी, तेथे मूठ झाकणारेच उलट अधिक देणाऱ्यास दंड करीत. दंडाचा सूड होई. म्हणून नियम करताना काही पथ्ये पाळणे इष्ट होय. पहिल्या चुकीस केवळ सभेत नाव घेऊन समज द्यावी, दुसऱ्या चुकीस सामाईक कामावर जादा श्रम द्यावेत, आणि त्यापुढेच पैशाचा विचार करावा. कारण रुपयांचा दंड धनवानास हलका व गरिबास जड असतो. सरपंचाच्या विहिरीस जे माप तेच कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीस असावे. ज्यांस जमीन नाही त्यांस आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांस नियम ठरविताना बोलण्याचा हक्क असावा. पिण्याच्या पाण्याचे रक्षण मात्र शासनानेच करावे, व गावात दाद न मिळालेल्यास तेथे दाद मिळावी.

आंध्र प्रदेशातील खेड्यांत शेतकऱ्यांना पीकनिवडीचा असाच खेळ खेळवून नंतर गावात चर्चा घडवून आणली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, खेळ झालेल्या गावांनी पाण्याच्या नोंदवह्या ठेवण्याचे व नियम करण्याचे प्रमाण इतर गावांपेक्षा अधिक होते. रोहिणखेडच्या ग्रामसभेस हे अवघड नाही. पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी, गावातील निवडक विहिरींची पातळी सर्वांसमक्ष मोजावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मार्गदर्शन घ्यावे. गहू किती, हरभरा किती, याचा हिशेब चावडीच्या फळ्यावर लिहावा. आणि नियम मोडल्यास काय, हे त्याच बैठकीत ठरवावे. कृषी अधिकाऱ्याने पाण्याचे गणित मांडून द्यावे, दंडाचा आकडा मात्र सांगू नये. तो गावानेच उच्चारला, तर वसूल करण्याची वेळ क्वचितच येईल.