पाच गोळ्या आणि तीन महिने

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे ऐकतच आपण मोठे झालो. त्यामुळे 'इतिहासात जर-तरला जागा नाही' हेही आपण पटकन मान्य करून टाकतो. मला काही ते पटत नाही. कोडमधली एखादी ओळ नक्की काय करते हे कळायचं असेल तर ती ओळ कमेंट करायची आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. इतिहास पुन्हा चालवता येत नाही, मान्य. पण डोक्यातल्या डोक्यात ओळ खोडून बघायला काय हरकत आहे?

तर या विकांताला मी खोडलेली ओळ: ७ मे १८६६, बर्लिन. राजाला भेटून पायी घरी निघालेल्या बिस्मार्कवर 'उंटर डेन लिंडेन' रस्त्यावर फर्डिनांड कोहेन-ब्लिंड नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच गोळ्या झाडल्या. बिस्मार्क किरकोळ जखमांवर निभावला; हल्लेखोराला त्याने स्वतःच धरून ठेवलं. समजा, नसता वाचला तर?

इथे एक डेडलाइन होती. ८ एप्रिलला प्रशियाने इटलीशी करार केला होता: तीन महिन्यांत प्रशियाने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तरच इटली त्यात उतरणार. राजा विल्हेल्म ऑस्ट्रियाशी लढायला कचरत होता, युवराजाचा तर युद्धालाच विरोध. रेटा होता तो बिस्मार्कचा. तो मेला असता तर ८ जुलै बहुधा तशीच उलटून गेली असती. प्रत्यक्षात जूनच्या मध्यावर युद्ध पेटलं आणि ३ जुलैला क्योनिगग्रेत्सच्या लढाईत निकालही लागला.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "जर्मनी कधी ना कधी एक झालाच असता." तेही खरंच आहे. ऑस्ट्रियाला वगळून उभा राहिलेला जकात संघ १८३४ पासून चालू होता, रेल्वेचं जाळं वाढत होतं. पण 'झाला असता' एवढ्यावर थांबू नका. कसा झाला असता, हा खरा प्रश्न आहे.

१८६२ पासून प्रशियाच्या संसदेने सैन्याच्या खर्चाला मंजुरी नाकारली होती. बिस्मार्कने चार वर्षं मंजूर बजेटशिवाय सरकार चालवलं. सरळसरळ नियमभंग. आणि मग युद्ध जिंकलं! सप्टेंबर १८६६ मध्ये त्याच संसदेने २३० विरुद्ध ७५ मतांनी तो सगळा खर्च मागाहून माफ केला. कालचे विरोधक हारतुरे घेऊन उभे.

हे वाचताना मला एक जुना सहकारी आठवला. भाऊसाहेब टेस्टिंग न करता, कोणालाही न विचारता रात्रीत कोड थेट लाइव्ह करायचे. एकदा क्लायंट खूश झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढे ते सोडून गेले आणि त्या कोडला हात लावायची कोणाची हिंमत होईना. असो.

जर्मनीचंही तसंच झालं. १८७१ च्या राज्यघटनेत संसद पुरुषांच्या सार्वत्रिक मतदानाने निवडायची, पण चॅन्सेलर नेमणार आणि काढणार सम्राट. बिस्मार्क आणि त्याचं ऐकणारा विल्हेल्म आहेत तोवर यंत्र सुरळीत. १८९० मध्ये नव्या सम्राटाने, दुसऱ्या विल्हेल्मने, त्याला घरी बसवलं. त्याच वर्षी रशियाशी असलेला गुप्त करार वाढवला गेला नाही. १८९४ पर्यंत फ्रान्स आणि रशिया दोस्त झाले होते. लगाम घालेल असा अधिकार संसदेकडे नव्हताच. तो तिने १८६६ मध्येच हातचा घालवला होता.

म्हणजे बिस्मार्क मेला असता तर पहिलं महायुद्ध टळलं असतं का? असा दावा मी करणार नाही. १८४९ मध्ये फ्रँकफर्टच्या संसदेने देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजाने नाकारला होता. शांततेचा रस्ताही सोपा नव्हता. उशीर झाला असता, कदाचित अर्धवटच काही हाती लागलं असतं. पण त्या बजेटच्या भांडणात विजयाच्या जोरावर माफी मिळाली नसती, एवढं नक्की.

माझ्या मते त्या वर्षीची सगळ्यात महागडी गोष्ट रणांगणावर घडलीच नाही. ती त्या २३० मतांत घडली. डिलिव्हरी वेळेवर झाली की प्रोसेस कोण मोडली हे विचारायचं नाही, ही सवय आपल्यालाही आहे की. सोमवारी ऑफिसात टाळ्या वाजवण्याआधी मी तरी जरा थांबणार आहे.