नक्षीचा खरा धनी

जुन्या पितळी वाद्यांवरील कोरीव काम ज्याच्या हाती वाद्य असेल त्याच्याकरिता केलेले असते, आणि म्हणून ते वाद्य वाजविणाऱ्याच्या हाती परत गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्याचा प्रसंग येण्याचे कारण असे की, मुंबईच्या चोरबाजारात काय किंवा जुन्या जिनसांनी सजविलेल्या उपाहारगृहांत काय, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कॉर्नेट, ट्रम्पेट आणि युफोनियम हल्ली भिंतीवर टांगलेले किंवा पोटात विजेचा दिवा घालून उभे केलेले दिसतात, आणि टांगण्यापूर्वी बफच्या चाकावर धरून त्यांना असे काही लखलखीत केलेले असते की, मूळच्या नक्षीची एक अंधुक पडछायाच तेवढी पृष्ठभागावर उरते.

ही कला जिथे कळसाला पोहोचली, ते गाव म्हणजे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एल्कहार्ट. तेथील चार्ल्स जेरार्ड कॉन (१८४४-१९३१) हा अमेरिकन यादवी युद्धात लढलेला शिपाईगडी गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत असे. एका मारामारीत त्याचा ओठ फुटला आणि वादन असह्य झाले, तेव्हा त्याने माउथपीसच्या काठाला रबर बसविले, अशी कथा सांगतात. १८७५ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले, आणि तेवढ्याशा जिनसेच्या विक्रीतून पुढे कॉर्नेट घडविण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. १८८३ साली तो आगीत भस्मसात झाला, तो पुन्हा बांधला; १९१० साली पुन्हा जळाला, तोही बांधला; आणि अखेर १९१५ साली कॉनने तो कार्ल ग्रीनलीफ यांना विकला. मधल्या काळात कॉन गावचा नगराध्यक्ष झाला आणि अमेरिकन काँग्रेसमध्येही जाऊन आला, पण त्याच्या राजकारणाशी मला कर्तव्य नाही. मला कर्तव्य आहे ते त्याच्या पदरी असलेल्या कोरणाऱ्या कारागिरांशी, ज्यांच्यापैकी जेक गार्डनर आणि ज्यूलियस स्टेनबर्ग ही नावे आज जुन्या वाद्यांच्या शौकिनांखेरीज फारसे कोणी घेत नाही.

त्या कारखान्याचा एक चांदीचा मुलामा दिलेला कॉर्नेट माझ्याजवळ आहे. त्याच्या बेलवर, म्हणजे वाद्याच्या पसरट मुखाच्या बाहेरील अंगावर, काठापासून दोन बोटे आत एक वेल सुरू होते, कारखान्याच्या आणि गावाच्या नावाभोवती वळसा घेते, आणि नळी जसजशी निमुळती होत जाते तसतशी आपली पाने लहान करीत मागे सरते. भिंग लावून पाहिले असता ध्यानात येते की, ज्याला आपण पानावरील सावली समजत होतो, तो अतिसूक्ष्म नागमोडी रेघांचा दाट समूह आहे. कारण सपाट टोकाची कोरणी सरळ पुढे न ढकलता, मनगटाच्या हेलकाव्याने डावी-उजवी डोलवीत पुढे नेली म्हणजे धातूवर अशी करवती रेघ उमटते, आणि त्या रेघांची दाटी कमी-अधिक करून कारागीर पानाला उठाव देतो. हे सारे सपाट पत्र्यावर नव्हे, तर प्रत्येक इंचागणिक वक्रता बदलणाऱ्या, हाताखाली फिरत्या पृष्ठभागावर करावयाचे, आणि एकदा उमटलेली रेघ पुसण्याची सोय नाही! एका पाकळीच्या टोकाशी कोरणी किंचित घसरलेली दिसते, आणि त्या घसरणीलाच कारागिराने एका छोट्या तंतूचे रूप देऊन टाकले आहे. त्या एका तंतूपुढे मी कितीतरी वेळ बसून राहिलो आहे.

आता प्रश्न असा की, हा खटाटोप कोणासाठी? नादात त्याने काही भर पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. श्रोत्यांसाठी म्हणावे, तर समोर बसलेल्या श्रोत्याला दिसतो तो बेलचा आतला भाग, ज्यावर पुष्कळदा सोन्याचे पाणी दिलेले असे. बाहेरील नक्षी त्याला जवळजवळ दिसतच नाही. ती दिसते वादकाला, जेव्हा दीर्घ विरामात तो वाद्य मांडीवर घेऊन मात्रा मोजीत आपल्या पाळीची वाट पाहत बसतो. अनेक वाद्यांवर तर वेलबुट्टीच्या मध्ये अर्पणलेखच कोरलेला आढळतो: अमुक गावच्या बँडने आपल्या म्होरक्याला अमुक साली प्रेमादराने नजर केलेला कॉर्नेट. एखाद्या संस्थानिकाने सनद द्यावी तशी त्या गावकऱ्यांनी आपल्या वादकाला दिलेली ही सनदच होय, आणि तीही त्याच्या रोजच्या हत्यारावर लिहून दिलेली. अशा लेखावरून बफचे चाक फिरविणे म्हणजे दस्तऐवज खरवडणे आहे.

संग्रहालयांचे जाणकार माझ्या म्हणण्याला एक वजनदार आक्षेप घेतील. श्वासातील बाष्प नळीच्या आत साचते, त्याने पितळेतील जस्त निघून जाऊन धातूवर तांबूस डाग पडतात आणि अखेर नळी झिरपते. तेव्हा दुर्मीळ वाद्य वाजवू नये. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ साक्स याच्या हातच्या एकुलत्या एका नमुन्यापुरते मला हे पूर्णपणे मान्य आहे. परंतु एल्कहार्टच्या कारखान्यातून वाद्ये हजारोंनी बाहेर पडली. त्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे न हलविल्यामुळे जाम झालेले पिस्टन आणि गच्च बसलेल्या स्लाइड हे श्वासाइतकेच घातक ठरतात. तेल घातलेला, रोज फिरणारा व्हॉल्व्ह दीर्घायुषी असतो.

वाजविण्यात मात्र एक अडचण आहे, आणि ती आधी कळलेली बरी. त्या काळी स्वरांची पट्टी एक नव्हती. अमेरिकन बँडची उच्च पट्टी सेकंदाला सुमारे ४५७ कंपनांची, तर आजची ४४० ची. म्हणजे फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ दोन-तृतीयांश! लंडनच्या परिषदेने ४४० ची शिफारस केली ती १९३९ साली, आणि ब्रिटनमधील ब्रास बँड तर त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्या उच्च पट्टीलाच चिकटून राहिले. त्यामुळे वाद्यावर एच. पी. (हाय पिच, म्हणजे उच्च पट्टी) किंवा एल. पी. (लो पिच, म्हणजे खालची पट्टी) ही अक्षरे आहेत काय, हे प्रथम शोधावे. उच्च पट्टीचा कॉर्नेट आजच्या मेळ्यात बसवावयाचा, तर केवळ मुख्य स्लाइड ओढून भागत नाही. तिन्ही व्हॉल्व्हच्या स्लाइडही त्या प्रमाणात ओढाव्या लागतात, आणि बाकीचे ओठांनी सांभाळावे लागते. एवढे केल्यावर जो नाद हाती येतो तो आजच्या ट्रम्पेटच्या धारदार नादाहून वेगळा, गोल आणि मृदू असतो, कारण कॉर्नेटची नळी बहुतांशी क्रमाक्रमाने रुंदावत जाते आणि त्याचा माउथपीस खोल असतो. १८६४ साली प्रसिद्ध झालेली कॉर्नेटवादक आर्बां यांची अभ्यासपद्धती जगभरचे विद्यार्थी आजही गिरवितात, पण तिच्यातील साधा स्वरालंकारही ज्या काळच्या वाद्यासाठी तो लिहिला गेला त्या घाटाच्या वाद्यावर वाजविला की त्याची बसणी काही निराळीच लागते.

आमच्याकडे या वाद्यांची परंपरा परकी राहिलेली नाही. इंग्रजी पलटणींच्या बँडमधून ती लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत आली. मीरतसारख्या शहरात ही वाद्ये घडूही लागली. आणि गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी तिला चित्रपटसंगीताच्या दारापर्यंत नेले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. अशा वादकांच्या घरी माळ्यावर आजही जुनी वाद्ये असतील, आणि त्यांच्या वारसांना माझी कळकळीची विनंती आहे. पितळेची भांडी चिंच-राखेने घासण्याची आपली पिढीजात वहिवाट भांड्यांपुरती ठेवावी. वाद्य कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ फडक्याने पुसावे, आणि काळवंडलेली चांदी तशीच राहू द्यावी, कारण प्रत्येक घासणीबरोबर मुलामा आणि रेघ दोन्ही थोडी थोडी जातात. माझ्या ओळखीच्या एका बँडवाल्याने वडिलांचा कोरीव कॉर्नेट केवळ पोचा काढण्यासाठी एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. तो परत आला तेव्हा पोचा गेला होता, आणि वडिलांचे नावही गेले होते. तेव्हा दुकानात वाद्य देताना, पिस्टन मोकळे करा, पोचे काढा, गळती बुजवा, परंतु बफ लावू नका, असे कागदावर लिहून द्यावे, त्यावर दुकानदाराची सही घ्यावी, आणि वाद्य घरी आले की दिवाणखान्यात खिळा न ठोकता गल्लीतल्या बँडमध्ये नव्याने फुंकायला शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या हवाली करावे.